गाडीची धडक झाली तर काय करावे? मोटार विमा कोणाला, कशाचा आणि किती मिळतो

मुंबई-गोवा महामार्ग आणि कोल्हापूरहून आंबा घाटातून उतरणारा महामार्ग रत्नागिरीजवळ हातखंबा तिठ्यावर एकमेकांना मिळतात. समजा, पावसाळ्यातल्या एका सकाळी तिथे दोन मोटारींची धडक झाली. एकीचा बंपर फुटला, दुसरीचा दरवाजा चेपला. मागे वाहनांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. जमलेल्या लोकांपैकी कोणीतरी म्हणाले, "जाऊ दे भाऊ, तीन हजार घ्या आणि इथेच मिटवा." पैसे हातात आले आणि दोन्ही गाड्या निघून गेल्या.

दोन दिवसांनी गॅरेजमध्ये बंपर उघडल्यावर कळले की आतला रेडिएटरही गेला आहे. मागच्या सीटवरच्या आजींचे मनगट सुजले होते. एक्स-रे काढल्यावर हाड मोडल्याचे दिसले. तोपर्यंत समोरच्या गाडीचा नंबर कोणाकडेच नव्हता. पोलिसांत नोंद नव्हती आणि विमा कंपनीला दाखवायला एक फोटोही नव्हता. विम्याचा हप्ता मात्र दरवर्षी वेळेवर भरलेला होता.

विमा असूनही तो कामी न येण्यामागे पुष्कळदा दोन गोष्टी असतात. पॉलिसी नेमकी कशाची आहे हे माहीत नसते आणि धडकेनंतरच्या पहिल्या तासात घाई होते. या दोन्ही गोष्टी आधीच समजून घेता येतात.

एका कागदावरचे दोन विमे

मोटार विमा म्हणून जो कागद हातात येतो, त्यात दोन वेगवेगळे विमे असू शकतात.

पहिला थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या माणसाला इजा झाली, त्याचा मृत्यू झाला किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई यातून मिळते. यात पहिली पार्टी म्हणजे गाडीमालक, दुसरी विमा कंपनी आणि तिसरी म्हणजे ज्याचे नुकसान झाले तो. मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी यातून एक रुपयाही मिळत नाही.

दुसरा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला 'ओन डॅमेज' म्हणतात. धडक, आग, चोरी, पूर, वादळ, दरड कोसळणे, दंगल यांमुळे आपल्या गाडीचे झालेले नुकसान यात येते. हे दोन्ही विमे एकत्र असले की त्या पॉलिसीला बोलीभाषेत 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतात.

पहिला विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि दुसरा ऐच्छिक. भारतात ही सक्ती १ जुलै १९४६ पासून आहे. आज ती मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ मध्ये आहे. विम्याशिवाय गाडी चालवताना पहिल्यांदा सापडल्यास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये होतो.

थर्ड पार्टी विम्याचा हप्ता कंपनी ठरवत नाही, तो सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरील मोटारीला ७,८९७ रुपये पडतात. जीएसटी वेगळा. 'ओन डॅमेज'चा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो.

नवी गाडी घेणाऱ्यांची इथे एक चूक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसोबत तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. 'ओन डॅमेज'चा भाग मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. 'तीन वर्षांचा विमा आहे' या समजुतीत दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहून जाते आणि धडक झाल्यावर दुरुस्तीचा सगळा खर्च अंगावर येतो. पॉलिसीवर दोन्ही भागांच्या मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात. त्या दोन्ही तारखा पाहाव्यात.

थर्ड पार्टी विमा इतका महत्त्वाचा का

१९ मार्च २०१३ रोजी खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून एक खासगी प्रवासी बस नदीत कोसळली आणि ३७ जणांचा मृत्यू झाला. एका वाहनाच्या एका अपघातात किती कुटुंबांचे नुकसान होऊ शकते, हे रत्नागिरी जिल्ह्याने तेव्हा पाहिले. अशी भरपाई कोणत्याही एका मालकाच्या ऐपतीबाहेरची असते. मृत्यू किंवा शारीरिक इजेच्या बाबतीत नेहमीच्या पॉलिसीत रकमेची ठरावीक मर्यादा नसते. न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल, ती कंपनी देते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खासगी मोटारीच्या बाबतीत साधारणपणे साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते.

विमा नसलेल्या गाडीने कोणाला इजा केली तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. अशी गाडी पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडता येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर तिचा लिलाव करून ती रक्कम भरपाईसाठी वापरता येते.

गाडीतली माणसे कोणत्या विम्यात येतात?

गणपतीला मुंबईहून येणाऱ्या गाडीत आई-वडील, भावंडे, शेजारी असे चार-पाच जण असतात. या सर्वांना विमा आहे असे गृहीत धरले जाते, पण ते पॉलिसीवर अवलंबून असते.

'फुल इन्शुरन्स' म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल, तर खासगी मोटारीतल्या प्रवाशांबाबतची जबाबदारी कंपनीवर येते. विमा नियामकाने २००९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल आणि प्रवाशांसाठी जादा हप्ता भरलेला नसेल, तर खासगी मोटारीतून विनामोबदला जाणारे प्रवासी सामान्यतः त्यात येत नाहीत. अपघात समोरच्या वाहनाच्या चुकीने झाला असेल, तर त्या वाहनाच्या विम्यातून त्यांना भरपाई मागता येते. आपल्याच चालकाच्या चुकीने गाडी झाडावर आदळली असेल, तर अडचण होते.

गाडी चालवणारा मालक स्वतः 'तिसरी पार्टी' ठरत नाही. त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो. एका व्यक्तीच्या नावावर दोन-तीन गाड्या असल्या तरी तो एकदाच घेतला की पुरतो. मालकाकडे त्या प्रकारच्या वाहनाचे वैध लायसन्स असणे ही त्याची अट आहे.

धडकेनंतरचा पहिला तास

सर्वांत आधी माणसे पाहावीत. कोणी जखमी असेल तर १०८ वर रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ वर आपत्कालीन मदतीसाठी फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांकही आहे. जखमीला रुग्णालयात नेणे ही कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाची जबाबदारी आहे. जमावाच्या संतापामुळे किंवा चालकाच्या हाताबाहेरच्या कारणामुळे तिथे थांबणे शक्य नसेल, तर त्याला त्यातून सूट आहे. अशा वेळी थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन माहिती द्यावी. निघून जाणे आणि पोलिसांत हजर होणे या दोन गोष्टींकडे कायदा वेगवेगळ्या नजरेने पाहतो.

उपचाराच्या पैशांसाठी थांबून राहू नये. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळू शकतात. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला कलम १३४ अ नुसार संरक्षण आहे. आपले नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

त्यानंतर मागून येणाऱ्या वाहनांना सावध करावे. घाटातल्या वळणावर थांबलेल्या गाडीला मागून दुसरी धडक बसण्याचा धोका मोठा असतो. पार्किंगचे दिवे सुरू करावेत आणि लाल त्रिकोण वळणाच्या अलीकडे, लांबून दिसेल असा ठेवावा. कोकणात अशा वेळी रस्त्यावर झाडाच्या फांद्या आणि दगड ठेवतात. फांद्या चालतील, पण दगड ठेवले तर निघताना आठवणीने उचलावेत. अंधारात तेच पुढच्या दुचाकीचा अपघात घडवतात.

मग पुरावा जमवावा. गाडी हलवण्याआधी मोबाइलवर पुढील फोटो काढून ठेवावेत :

- दोन्ही गाड्या रस्त्यावर कशा उभ्या आहेत ते लांबून, चारही बाजूंनी
- दोन्ही नंबर प्लेट
- नुकसान झालेला प्रत्येक भाग जवळून
- टायरच्या खुणा, काचांचा सडा, खड्डा, वळण, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा पाटी
- समोरच्या चालकाचे लायसन्स आणि गाडीची कागदपत्रे, त्याने दाखवल्यास

समोरच्याचे नाव, फोन नंबर, विमा कंपनीचे नाव आणि एक-दोन साक्षीदारांचे नंबर लिहून घ्यावेत. समोरच्याने विम्याचा कागद दाखवला नाही, तरी गाडीच्या नंबरावरून सरकारच्या एमपरिवहन अॅपवर विम्याची मुदत पाहता येते. किरकोळ धडक असेल तर फोटो झाल्यावर गाड्या बाजूला घ्याव्यात. कोणी गंभीर जखमी असेल किंवा मृत्यू झाला असेल, तर जखमींना बाहेर काढण्यापुरते सोडून पोलीस येईपर्यंत गाड्या हलवू नयेत.

'इथेच मिटवू' म्हणण्याआधी

कोणालाही इजा नाही, ओरखडा किरकोळ आहे आणि दोघांनाही मान्य आहे, तर आपसात मिटवण्यात गैर काही नाही. तरीही परस्परांचे नंबर आणि गाड्यांचे फोटो घ्यावेत.

यापेक्षा मोठ्या धडकेत मात्र जपून बोलावे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक मान्य करू नये, पैसे देण्याचे कबूल करू नये, ही पॉलिसीतली छापील अट असते. 'चूक माझीच, सगळा खर्च मी देतो' असे लिहून दिले, तर कंपनी त्या कागदाला बांधील राहत नाही. माणुसकीने मदत करावी, पण चूक कोणाची हे ठरवण्याचे काम पोलीस आणि न्यायाधिकरणावर सोडावे.

दोन मोटारींची धडक झाली की 'समोरच्याच्या विम्यातून माझी गाडी दुरुस्त करून घेईन' असेही अनेकांना वाटते. व्यवहारात प्रत्येक जण आपापल्या 'ओन डॅमेज' विम्यातून दुरुस्ती करून घेतो, चूक कोणाचीही असो. समोरच्या कंपनीकडून गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर न्यायाधिकरणात जावे लागते. म्हणून फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्या माणसाची स्वतःची काही चूक नसली, तरी दुरुस्तीचा खर्च आधी त्यालाच करावा लागतो.

पोलिसांकडे केव्हा जावे

कोणाला इजा झाली असेल, मृत्यू झाला असेल, दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल किंवा समोरचे वाहन पळून गेले असेल, तर पोलिसांत नोंद हवीच. अपघातस्थळी पोलीस नसतील तर लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात माहिती द्यावी, असे कायदा सांगतो. गुरे आडवी आली आणि गाडी कठड्याला घासली, अशा फक्त स्वतःच्या गाडीच्या किरकोळ नुकसानीसाठी कंपन्या सहसा एफआयआर मागत नाहीत.

इजा किंवा मृत्यू झालेल्या अपघातात १ एप्रिल २०२२ पासून पोलिसांवर आणखी एक जबाबदारी आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, तर सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हा सविस्तर अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. जखमीच्या घरच्यांनी दोन्ही अहवालांच्या प्रती मागून घ्याव्यात.

विमा कंपनीला कळवणे आणि सर्व्हेअर

कंपनीला त्याच दिवशी, फोनवर किंवा अॅपवर कळवावे आणि क्लेम क्रमांक लिहून घ्यावा. उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नये, असे विमा नियामक आयआरडीएआयने २०११ मध्ये कंपन्यांना सांगितले आहे. उशिराचे पटेल असे कारण मात्र द्यावे लागते.

गाडी गॅरेजला गेली तरी सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काम सुरू करू देऊ नये आणि तुटलेले भाग फेकू देऊ नयेत. सर्व्हेअर नुकसान तपासून किती रक्कम द्यावी याचा अहवाल देतो. ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक नुकसान असेल तर परवानाधारक सर्व्हेअर लागतो. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत व्हायला हवा.

लागणारे कागद नेहमीचेच असतात : क्लेम अर्ज, आरसी, चालकाचे लायसन्स, पॉलिसी, दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि गरज असेल तिथे एफआयआर. अपघाताच्या वेळी पीयूसी नव्हते एवढ्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, हेही नियामकाने स्पष्ट केले आहे. पीयूसी नसल्याचा दंड मात्र वेगळा होतो.

कंपनीशी करार असलेल्या नेटवर्क गॅरेजमध्ये गाडी दिली तर मान्य झालेली रक्कम कंपनी थेट गॅरेजला देते. यालाच कॅशलेस म्हणतात. दुसऱ्या गॅरेजमध्ये आधी स्वतः पैसे भरून नंतर मागावे लागतात. गाडी ओढून नेण्याचा खर्च खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत एका अपघातामागे १,५०० रुपयांपर्यंतच मिळतो. खेडला बंद पडलेली गाडी रत्नागिरीच्या गॅरेजपर्यंत आणायला तेवढे पुरणार नाहीत. महामार्गावर नेहमी ये-जा असणाऱ्यांनी रस्त्यावरील मदतीचे जादा कव्हर घेणे सोयीचे ठरते.

हातात किती पैसे येतात

गॅरेजचे बिल आणि क्लेमची रक्कम सारखी नसते. जुना भाग जाऊन नवा बसतो, म्हणून कंपनी घसारा कापते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा असतो. काचेवर काहीच नसतो. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयानुसार वाढतो : पहिले सहा महिने शून्य, दुसऱ्या वर्षात १० टक्के, चौथ्या वर्षात २५ टक्के, दहा वर्षांनंतर ५० टक्के. शिवाय प्रत्येक क्लेममागे १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीला २,००० रुपये मालकाला भरावे लागतात.

साडेतीन वर्षे वयाच्या, १,२०० सीसीच्या मोटारीचे उदाहरण घेऊ (कर आणि रंगकाम वगळून) :

- प्लास्टिकचा बंपर : बिल ८,००० रुपये, मंजूर ४,०००
- धातूचे बॉनेट : बिल १२,००० रुपये, मंजूर ९,०००
- पुढची काच : बिल ७,००० रुपये, मंजूर ७,०००
- मजुरी : बिल ९,००० रुपये, मंजूर ९,०००

एकूण बिल ३६,००० रुपये. मंजूर रक्कम २९,००० रुपये, त्यातून १,००० वजा होऊन कंपनी २८,००० रुपये देते. उरलेले ८,००० रुपये मालकाचे. 'झिरो डेप' हे जादा कव्हर असेल तर घसारा कापला जात नाही. मात्र वर्षातून किती वेळा आणि किती वर्षे जुन्या गाडीला ते मिळेल, याच्या मर्यादा पॉलिसीत पाहाव्यात.

गाडी पूर्णच गेली तर मिळणारी रक्कम आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीवर ठरते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. हप्ता कमी पडावा म्हणून आयडीव्ही कमी लावून घेणाऱ्याला तेव्हा त्याची किंमत कळते.

लहान नुकसानीसाठी क्लेम करावा का?

क्लेम न केलेल्या प्रत्येक वर्षासाठी 'ओन डॅमेज'च्या हप्त्यात सूट मिळते. तिला नो क्लेम बोनस किंवा एनसीबी म्हणतात. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होते. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते.

समजा, 'ओन डॅमेज'चा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि सध्या ३५ टक्के सूट मिळते. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के आणि नंतर ५० टक्के मिळेल. क्लेम केला तर पुढची पाच वर्षे अनुक्रमे ०, २०, २५, ३५ आणि ४५ टक्के. हप्ता तोच राहिला असे धरले तर फरक ४,५००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये, म्हणजे एकूण १२,००० रुपयांचा होतो. गाडी जुनी होताना हप्ता कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक थोडा कमी असेल. तरीही २८,००० रुपयांचा क्लेम करणे शहाणपणाचे आणि चार हजारांचा करणे तोट्याचे, एवढे यातून दिसते.

एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते. गाडी बदलली तरी ती पुढे नेता येते. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर ती जाते.

क्लेम कशामुळे अडतो

- चालकाकडे त्या प्रकारच्या वाहनाचे वैध लायसन्स नसणे किंवा त्याने दारू पिऊन गाडी चालवणे.
- पांढऱ्या नंबर प्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवणे. सणाच्या गर्दीत माणशी पैसे घेऊन खासगी गाडीतून प्रवासी आणले जातात. अपघात झाला तर 'खासगी वापर' ही पॉलिसीची अट मोडलेली असते.
- जुनी गाडी घेतल्यावर विमा नावावर न करणे. थर्ड पार्टीचा भाग नव्या मालकाकडे आपोआप जातो. 'ओन डॅमेज'साठी मात्र १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. विकणाऱ्यानेही आरसीवरचे नाव बदलल्याची खात्री करावी. नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच भरपाईला जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे.
- नुकसान झाल्यावर गाडी तशीच चालवणे. रेडिएटर गळत असताना गाडी पुढे दामटली आणि इंजिन जाम झाले, तर ते वाढीव नुकसान धडकेचे मानले जात नाही. पुराचेही तसेच आहे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी पाणी शिरलेली गाडी चावी फिरवून सुरू केली, तर इंजिनात गेलेल्या पाण्याने ते फुटते आणि 'इंजिन प्रोटेक्ट' कव्हर नसेल तर त्याचा खर्च सहसा मिळत नाही. धडक असो वा पूर, शंका असेल तर गाडी ओढूनच न्यावी.

लायसन्स नाही किंवा अट मोडली म्हणून जखमी तिऱ्हाइताला वाऱ्यावर सोडले जात नाही. अशा अनेक प्रकरणांत कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरण देते.

जखमींना भरपाई कुठे मागता येते

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. ते जिल्हा न्यायालयात असते. अपघात जिथे झाला किंवा दावा करणारा जिथे राहतो, त्या भागातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्यामुळे मुंबईत राहणाऱ्या माणसाला रत्नागिरीतल्या अपघातासाठी दर तारखेला इथे येण्याची गरज नाही. कायद्यात अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत दिली आहे. ती पाळावी.

चूक कोणाची हे सिद्ध न करता भरपाई हवी असेल, तर कलम १६४ नुसार मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मिळतात. कलम १६६ नुसार दावा केला तर चालकाची चूक दाखवावी लागते. मात्र मग वय, उत्पन्न, अवलंबून असलेली माणसे आणि अपंगत्वाचे प्रमाण पाहून रक्कम ठरते आणि ती बरीच जास्त असू शकते. यासाठी रुग्णालयाची बिले, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचे कागद जपून ठेवावेत. मासेमारी, आंब्याची बाग किंवा रिक्षा यांवर चालणाऱ्या घरात पगाराची पावती नसते. तिथे बँकेचे पासबुक, विक्रीच्या पावत्या, परवाना हे उत्पन्नाचे पुरावे म्हणून दाखवता येतात.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी ५०,००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. पोलिसांतली नोंद इथे फार महत्त्वाची ठरते.

क्लेम नाकारला तर

नकार आणि त्याचे कारण लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. त्याच वेळी आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी घेतल्या जातात. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही दोन वर्षांपर्यंत खुला असतो.

गाडीत काय असावे

आरसी आणि पॉलिसीची प्रत, ती डिजिलॉकरमध्ये असली तरी चालते. कंपनीचा क्लेमचा नंबर कागदावर लिहिलेला, कारण घाटात मोबाइलला रेंज असेलच असे नाही. लाल त्रिकोण, बॅटरी, प्रथमोपचार पेटी, वही आणि पेन. आणि पॉलिसीतल्या तीन गोष्टी चालकाला ठाऊक असाव्यात : 'ओन डॅमेज'ची मुदत कधी संपते, गाडीतली माणसे विम्यात येतात का, आणि मालकाचा अपघात विमा घेतलेला आहे का. हे तपासायला दहा मिनिटे लागतात. धडक झाल्यानंतर या तिन्हींपैकी काहीही बदलता येत नाही.